हाकेचा वेग

माझ्या पगाराच्या स्लिपवर नोकरीच्या शेवटच्या महिन्यापर्यंत एक ओळ होती : सायकल भत्ता, १८० रुपये. २०१७ च्या आधी तीच ओळ ९० रुपयांची होती. सातव्या वेतन आयोगानं खरं तर हा भत्ता काढूनच टाका म्हणून सांगितलं होतं. सरकारनं तो पोस्टमन आणि रेल्वेच्या रुळांवर फिरणारे ट्रॅकमन यांच्यासाठी ठेवला आणि दुप्पट केला. आमच्या ऑफिसात त्या दिवशी पेढे वाटावेत की काय अशी चर्चा निघाली. वाढलेल्या ९० रुपयांत पेढे किती येतील, असं कुणीतरी विचारलं आणि विषय तिथंच मिटला.

बीडला मी १९९५ साली आलो. त्याआधी सहा वर्षं पाटोदा तालुक्यात आमच्याच गावच्या पोस्टात ईडी होतो. तेव्हा ईडी म्हटल्यावर कुणाच्या छातीत धस्स होत नसे. ईडी म्हणजे एक्स्ट्रा डिपार्टमेंटल. खात्यातला नसून खात्याचंच काम करणारा. पुढं त्यालाच ग्रामीण डाक सेवक म्हणायला लागले. पोस्टमनची परीक्षा पास झालो, बीडची ऑर्डर आली. सायकल एसटीच्या टपावर टाकली, कंडक्टरनं तिचं लगेज फाडलं, आणि मांजरसुंब्याचा घाट उतरून आम्ही दोघं खाली आलो. घाटावरच्या माणसाला बीड म्हणजे परमुलूखच. कोर्टाला, दवाखान्याला, बाजाराला यायचं, काम उरकायचं आणि मुक्कामाच्या गाडीनं परत फिरायचं. इथं राहायचं कुणाच्या डोक्यात येत नसे.

गावाकडं मी दिवसाला चार वाड्या करायचो. रस्त्यात भेटली तर एखादी बैलगाडी, नाहीतर शेळ्या. चढाला उतरायचं, उताराला बसायचं, एवढीच काय ती सायकलची विद्या मला येत होती. आणि बीडात पहिल्याच सोमवारी, अकरा-साडेअकराच्या सुमाराला, खांद्याला झोळी अडकवून मी कारंजावर उभा राहिलो. समोरून केळ्यांचा हातगाडा, त्याला वळसा घालून येणारी रिक्षा, रिक्षाच्या मागून वाट काढणारी लुना, लुनावर तिघं. डाव्या हाताला एक गाय रस्त्याच्या बरोबर मध्ये रवंथ करत बसलेली. कापडाच्या दुकानापुढं एक ट्रक गठाणी उतरवत उभा. कुणी कुणाला डावी बाजू देत नव्हतं, उजवीही देत नव्हतं. ज्याला जिथं जागा दिसेल तिथून तो जात होता. पुण्या-मुंबईचा माणूस हसेल, पण मला घाम फुटला. मी सायकलवरून उतरलो आणि हातात धरून ती गल्ली पार केली. सबंध पहिला आठवडा मी बीडात सायकल चालवली नाही, सायकल चालवत नेली. म्हणजे ती चालत होती आणि मीही.

बीट दाखवायला माझ्याबरोबर एक जुने पोस्टमन दिले होते. रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलेलं, कानात भिकबाळी, सायकलीला ना घंटी ना मडगार्ड. बिंदुसरेचा १९८९ च्या जुलैतला पूर त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला. कुठल्या घराच्या भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं ते बोटानं दाखवायचे आणि लगेच पुढचं पाकीट काढायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, ‘घंटी का वाजवतोस?’

म्हटलं, माणसं बाजूला व्हावीत म्हणून.

‘घंटी वाजली की माणूस दचकतो. दचकलेला माणूस कोणत्या बाजूला उडी मारील, देवाला ठाऊक. त्यापेक्षा खाकर.’

मी आधी मस्करी समजलो. पण म्हातारा खरंच खाकरत जायचा. धोंडीपुऱ्याच्या गल्लीत पाठमोऱ्या बाईमागून नुसता घसा साफ केला की ती मागं न बघता पदर सावरत भिंतीकडं सरकायची. माणसाचा आवाज आला म्हणजे मागं माणूस आहे, एवढं तिला पुरे. घंटीचा आवाज यंत्राचा. त्याच्यामागं काय येतंय ते कळत नाही.

असे त्यांचे पुष्कळ नियम होते. गाईच्या तोंडापुढून जायचं नाही, शेपटीकडून जायचं, कारण गाय उठली तर पुढंच चालते. शेळी आडवी गेली तर लगेच पाय मारायचा नाही, तिच्यामागं दुसरी असतेच. रिक्षा समोर आली तर ड्रायव्हरच्या डोळ्यांकडं बघून उपयोग नाही, तो सीट शोधत असतो. पुढच्या एकुलत्या एका चाकाकडं बघायचं, ते खोटं बोलत नाही. उभ्या जीपला चिकटून जायचं नाही, दार उघडतं. वेशीच्या कमानीत दोन्हीकडून गर्दी झाली तर ज्याच्याकडं ओझं जास्त त्याला आधी सोडायचं, मग तो हमाल असो की उसाचा ट्रॅक्टर. यातला एकही नियम आरटीओच्या पुस्तकात नाही. पण मी एकोणतीस वर्षं यांवर जगलो आणि या काळात एकदाच जोरात पडलो. ते पुढं येईलच.

महिनाभरात मला कळलं की कारंजावर जो गोंधळ दिसतो तो लांबून गोंधळ दिसतो. आत शिरलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडं बघत असतो. सिग्नल नसतो म्हणून बघावंच लागतं. भुवई उडवली म्हणजे ‘तू जा’, हनुवटी पुढं केली म्हणजे ‘मी जातो’, हाताचा पंजा खाली दाबला म्हणजे ‘दम धर’. सायकलवाला तर या सगळ्यांत सर्वांत लहान. त्याला धक्का देणं कुणालाही परवडतं, म्हणून त्याला सगळ्यांच्या मनातलं आधी ओळखावं लागतं. घरात सासुरवाशिणीला जसं येतं तसं.

महामार्ग मात्र मला कधीच कळला नाही. धुळे-सोलापूर रस्ता तेव्हा शहराच्या पोटातून जायचा. जालना रोडनं येणारा कंटेनर शिवाजी पुतळ्यावरून बार्शी नाक्याकडं निघाला की मी सरळ सायकल रस्त्याच्या खाली घालायचो. त्या ड्रायव्हरला बीड हे गावच नव्हतं, वाटेतला अडथळा होता. त्याच्याशी भुवईनं बोलता येत नसे. बाह्यवळण झालं तेव्हा व्यापाऱ्यांपैकी काहीजण हळहळले, मी मनातल्या मनात नारळ फोडला.

आता पत्त्यांचं सांगतो, कारण पोस्टमनची सायकल पत्त्यावर चालते.

बीडचा पिन कोड ४३११२२. पाकिटावर एवढा जरी बरोबर असला तरी आम्ही पत्र पोचवू, असं आम्ही फुशारकीनं म्हणायचो. ते पूर्ण खरं नाही, पण पूर्ण खोटंही नाही. जुन्या गावात घरांना नंबर होते ते नगरपालिकेच्या रजिस्टरात. पाकिटांवर असायचं ‘मारुतीच्या देवळामागं’, ‘पाण्याच्या टाकीजवळ’, ‘लिंबाच्या झाडासमोर’. लिंब केव्हाच तुटलेला, टाकी पाडलेली, पण पत्ता तोच. बशीरगंजाकडच्या एका गल्लीत एकाच नावाची तीन माणसं होती. एक शिवणकाम करायचा, एक रिक्षा चालवायचा आणि एक सौदीला. पाकिटावरचं तिकीट बघून तिसरा वेगळा काढता यायचा. पहिल्या दोघांत घोळ व्हायचा, मग ते आपसांत बदलून घ्यायचे. कधीकधी उर्दूत पत्ता असायचा. हे सारं पूर्वी निजामाचं राज्य. हैदराबाद संस्थानाची स्वतःची तिकिटं होती, १८६९ पासून. जुन्या वाड्यांच्या दारांवर उर्दूत कोरलेली नावं मी आल्यावरही होती. मी अलिफ-बे शिकलो ती एका पानवाल्याकडून, पान लावून होईपर्यंतच्या वेळेत. नीट वाचता आजही येत नाही, पण मोहल्ल्याचं नाव ओळखता येतं.

आणि तरी दर दिवशी झोळीत दोन-चार पाकिटं अशी असायची की त्यांचा माणूस कुठं राहतो ते मला माहीत नसायचं. ती पाकिटं कशी पोचायची? शोधून नव्हे. हाकेनं.

मी गल्लीतून चाललोय. वेग किती, तर शाळेतून येणारं पोरगं बरोबरीनं पळू शकेल इतका. ओट्यावरची आजी हाक मारते, ‘ओ पोस्टमन, आमचं काय हाय का?’ पिठाच्या गिरणीतून पांढऱ्या भुवयांचा माणूस बाहेर येतो, ‘डाकवाले मामू, मनीऑर्डर आयी क्या?’ मी पाय टेकतो. त्यांचं काही नसतं. बहुतेक वेळा नसतंच. पण थांबलोय तर मी विचारून घेतो, ‘हे अमुक-तमुक कोण? नवीन दिसतंय.’ आजी पाकीट हातात घेते, वाचता येत नसलं तरी उलटंपालटं करते. ‘नाव काय म्हणलात? हां, म्हंजी ते मास्तर, मागं किरायानं आलेत ते. बायको बाळंत झाली बघा गेल्या महिन्यात.’ झालं, पत्ता लागला. वर बाळाच्या जन्माची बातमी फुकट.

पहिल्या वर्षी मला या हाकांचा त्रास व्हायचा. दर पन्नास पावलांवर पाय टेकायचा म्हणजे बीट संपायला तीन वाजायचे. ऑफिसात बोलणी बसायची. मग हळूहळू लक्षात आलं की माझं बीट या हाकाच करून देतात. मी फक्त त्यांच्यामधून जातो.

सायकलीविषयी थोडं सांगायला हवं. चोवीस इंची, डबल बारची, काळी. घेतली तेव्हाच जुनी होती. पुढच्या हँडलला रॉडची टोपली, मागं कॅरिअर, त्याला ट्यूबचा तुकडा बांधलेला; पार्सल आवळायला ट्यूबसारखी गोष्ट नाही. पॅडलची कॉटर पिन ढिली झाली की प्रत्येक फेऱ्याला ‘टक’ असा आवाज यायचा. त्या आवाजावरून माझी चाहूल लागते असं पेठेतली एक बाई म्हणायची, म्हणून ती पिन मी मुद्दामच उशिरा बदलायचो. लोक मला विचारतात, इतकी वर्षं सायकल, पाय दुखत नव्हते का? पाय नाही दुखत. मनगटं दुखतात. खड्डे मनगटांत जमा होतात.

बार्शी नाक्याकडं एका लिंबाखाली पंक्चरवाला बसायचा. त्याच्याकडं माझं खातंच होतं. पंक्चर काढणं किती जणांनी नीट बघितलंय कोण जाणे. तो टायरची कड दोन पान्यांनी उचलून ट्यूब बाहेर काढायचा, हवा भरून पाण्याच्या घमेल्यात थोडी थोडी फिरवायचा. बुडबुडे निघाले की तिथं माचिसच्या काडीनं खूण. मग ती जागा कानशीनं घासायची, काळं रबर करडं होईपर्यंत. सोल्युशन लावायचं आणि थांबायचं. इथंच सगळी हुशारी. नवशिका लगेच ठिगळ चिकटवतो आणि ते दोन दिवसांत सुटतं. तो बोटाची मागची बाजू हलकेच टेकवून बघायचा. ओलं लागलं नाही, नुसतं चिकट लागलं, की मग जुन्या ट्यूबचं कापलेलं ठिगळ ठेवून हातोडीच्या दांड्यानं ठोकायचा. तेवढ्या थांबण्यात तो मला चहा पाजायचा आणि कोणत्या गल्लीत रस्ता खणलाय, कुठं मांडव पडलाय, कुणाची मिरवणूक किती वाजता निघणार, हे सगळं सांगायचा. शहरातला कोणता रस्ता बंद आहे हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसे. काचा-खिळे त्याच्याकडंच यायचे ना. कोणत्या रस्त्यावरून खिळे यायला लागले यावरून त्याला कळायचं की तिथं बांधकाम निघालंय.

आता ते पडणं.

श्रावणातली दुपार, साल बहुतेक २००३. माळीवेशीकडं येत होतो. पाऊस पडून गेलेला, रस्त्यात एक डबकं. त्यातून आत्ताच एक लुना गेलेली बघितली होती, म्हणून मीही सायकल घातली. लुना दोन वीत उजवीकडून गेली होती. माझं पुढचं चाक सरळ खड्ड्यात. कुणी खणला होता, का खणला होता, ते जाऊ द्या. मी हँडलवरून पुढं, झोळी माझ्याही पुढं. झोळीचं बक्कल तुटलेलं होतं, आठ दिवस लावून घेईन म्हणत होतो. सतरा पाकिटं, चार आंतरदेशीय, तीन कार्डं पाण्यात.

गुडघा फुटला होता, पण मी आधी पत्रं गोळा करत बसलो. दोन शाळकरी पोरी वाकून गोळा करू लागल्या. समोरच्या लाँड्रीवाल्यानं इस्त्री बाजूला ठेवली आणि मला म्हणाला, ‘आना इकडं.’

त्यानं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर पाकिटं एकेक मांडली, वर जुन्या धोतराचं फडकं. मी म्हटलं, इस्त्री फिरवा. तो म्हणाला, ‘फिरवायची नाही. ओल्या कागदावर फिरवली तर तो फाटतो. नुसती ठेवायची आन् उचलायची.’ कोळशाची जड इस्त्री. ठेव, उचल, ठेव, उचल. दर वेळी फडक्यातून वाफ निघायची. बँकेची खिडकीवाली पाकिटं त्यानं आपण होऊन बाजूला काढली. ‘ह्यो पारदर्शी कागद गोळा होतो, ह्याला उन्हात टाकू.’ आंतरदेशीयची डिंकाची कड सुटली होती ती पुन्हा दाबून बसवली. अर्धा तास त्यानं दुसरं काम घेतलं नाही. एका शर्टाचे आठ आणे की रुपया मिळायचा तेव्हा. मी पैसे विचारले तर म्हणाला, ‘पत्राची इस्त्री करतो म्हणून कुठं पाटी लावलीय मी?’

बॉलपेनानं लिहिलेली सगळी वाचली. पण एक कार्ड शाईच्या पेनाचं होतं. ते पार धुतलं गेलं. पत्ता नाही, मजकूर नाही. निळं-निळं आभाळ आणि वरच्या बाजूला पुसट ‘श्री’. मी ते कार्ड ओळखलं. दर महिन्याला येणारं. पेठ बीडात एक आजी होती, तिची लेक बार्शीला दिलेली. लेकीचा ‘श्री’ असा की त्याची वेलांटी कार्डाच्या कडेपर्यंत जायची. ते कार्ड मीच आजीला वाचून दाखवायचो.

ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकवायचं ते ऐकवलं, ते बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी ते कार्ड घेऊन पुलावरून पेठेत गेलो. वाटेत मनात येत होतं, चार ओळी रचून सांगाव्यात. खुशाल आहे, पाऊस बरा आहे. रस्ताभर ओळी जुळवल्यादेखील. पण दारात गेल्यावर तोंडातून निघालं ते खरंच. ‘आजी, माझ्या हातून भिजलं. काहीच दिसत नाही.’

आजीनं कार्ड हातात घेतलं, नाकाजवळ धरलं. मग म्हणाली, ‘बस. काय लिव्हलं आसंल ते म्या सांगते.’ आणि तिनं सांगितलं. सासूचं गुडघ्याचं दुखणं, जावयाची ड्यूटी रात्रीची, धाकट्याला शाळेत घातलं, दिवाळीला येते म्हणते पण येणार नाही. ‘दर खेपंला तेच तर आसतंय.’ मग मला कोरं कार्ड काढायला लावलं आणि त्या न वाचलेल्या पत्राचं ओळीला ओळ उत्तर लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात लेकीचं कार्ड आलं ते मी जरा धास्तीनंच वाचलं. तिनं उत्तराबद्दल काहीच विचारलं नव्हतं. म्हणजे आजीचं वाचन बरोबर होतं.

मधली वर्षं भराभर गेली. तारखात्याला १४ जुलै २०१३ ला टाळं लागलं. तोवर तार घेऊन गेलं की बायका वाचण्याआधीच रडायला सुरुवात करायच्या, ते एक बरं झालं. आधार कार्डांच्या पाकिटांनी काही महिने सायकल अशी लादली की सीटवर बसायला मी आणि बाकी सगळीकडं आधार. दुष्काळाच्या उन्हाळ्यात, २०१३ ला आणि पुन्हा २०१६ ला, रस्त्यावर टँकरच टँकर. टँकरमागं घागरी घेऊन पळणाऱ्या पोरांच्या मधून सायकल काढणं हे कारंजापेक्षा अवघड होतं, कारण तिथं कुणीच कुणाकडं बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे नळीवर. २०१८ मध्ये पोस्टाची पेमेंट्स बँक आली आणि आमच्या हातात मोबाइल आणि अंगठ्याचं मशीन आलं. ऊन पडलं की म्हाताऱ्यांचे अंगठे उमटायचे नाहीत. राबून राबून रेघाच राहिल्या नव्हत्या. मग सावलीत नेऊन, तेलाचं बोट लावून, पुसून, पुन्हा. अशा कामाला वेळ काढूनच जावं लागतं.

दसरा झाला की माझ्या बीटाच्या कडेच्या वस्त्यांना कुलपं लागायची. आमच्या जिल्ह्याबद्दल बाहेर जे चार शब्द माहीत असतात त्यांतले दोन म्हणजे ऊस आणि कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ट्रक येतो आणि सगळं घर त्यात चढतं : पातेली, बाज, कोंबड्या, शेळी, म्हातारं नसलं तर लहान पोरंही. ट्रकच्या मागच्या फाळक्याला बाहेरून एक सायकल दोरीनं बांधलेली असायची. मी रस्त्याच्या कडेला थांबून तो ट्रक जाऊ द्यायचो, तर त्या लोंबत्या सायकलीचं मागचं चाक वाऱ्यानं फिरत असायचं. त्यांच्या पाकिटांवर मी ‘घर बंद’ असा शेरा लिहायचो. एखादं पाकीट रजिस्टरचं असलं तर सात दिवस ठेवून परत पाठवायचं, असा नियम. साधी पत्रं मात्र शेजारच्या म्हातारीकडं राहायची, पाडव्यापर्यंत. तिनं ती कुठं ठेवलीत ते मला ठाऊक असायचं : कणगीच्या झाकणाखाली.

मी गाडीवर गेलोच नाही असं नाही. २०१४ ला मुलगा म्हणाला, बाबा, वय झालं, माझी जुनी मोपेड घ्या. घेतली. ऑफिसातल्या निम्म्याहून जास्त जणांनी तोवर मोटारसायकली घेतल्याच होत्या, भत्ता सायकलचा आणि पेट्रोल स्वतःचं. पहिल्याच दिवशी बीट दीड तास आधी संपलं. मी खूश. महिनाअखेर परतीचा गठ्ठा बघितला तर तो दुप्पट. ‘पत्ता अपुरा’, ‘मालक सापडत नाहीत’, सगळं माझ्याच अक्षरात. पत्ते काही अचानक अपुरे झाले नव्हते.

मग बारकाईनं बघितलं. ओट्यावरची आजी मला बघायची, तोंड उघडायची, तोवर मी पुढं. हाक मागं पडायची आणि इंजिनाच्या आवाजात विरायची. चार दिवसांनी तिनं तोंड उघडणंही सोडलं. लोकांना वाटलं असेल, पोस्टमनला आता घाई आहे. घाईच्या माणसाला आपण कामाचंच बोलतो, बिनकामाचं नाही. आणि माझे पत्ते तर सगळे बिनकामाच्या बोलण्यातून निघायचे. चौथ्या महिन्यात मी मोपेड मुलाला परत दिली. गुडघ्यांना व्यायाम हवा, असं घरी सांगितलं.

भाचा नेदरलँड्समध्ये नोकरीला आहे. त्यानं मला उट्रेक्टच्या स्टेशनाखालच्या सायकल तळाचा फोटो पाठवला होता. साडेबारा हजार सायकली राहतात म्हणे एका ठिकाणी. मी हरखलो. सायकलला वेगळा रस्ता, वेगळा सिग्नल, वाहनं थांबून वाट देतात. फोनवर विचारलं, ‘मग मजा असेल तुझी.’ म्हणाला, ‘मजा आहे मामा. पण ऑफिसात पोचेपर्यंत कुणी एक शब्द बोलत नाही.’ मला त्याच्या रस्त्यांचा हेवा वाटला आणि त्याची थोडी कीवही आली. दोन्ही एकदम वाटू शकतं.

२०२४ ला रिटायर झालो. सायकल आहे, झोळी ऑफिसात जमा केली. पंक्चरवाल्याचा पोरगा आता ट्यूबलेस टायरची दुरुस्ती करतो. कॉटर पिन मागितली की डबा उपडा करून जुन्यातली शोधून देतो.

१७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी, बीडला रेल्वे आली. तीन पिढ्या वाट बघत होत्या. मी आठवड्यानं, गर्दी ओसरल्यावर, सायकलवर स्टेशन बघून आलो. येताना एका कॉलनीच्या तोंडाशी एक पोरगा मोटारसायकलवर उभा. पाठीवर पार्सलची भली मोठी पिशवी, हातात मोबाइल, तोंड रडवेलं.

‘काका, हे लोकेशन इथंच दाखवतंय, पण इथं तर मोकळा प्लॉट आहे.’

मी म्हटलं, लोकेशन राहू दे, नाव सांग.

त्यानं नाव सांगितलं. घर मागच्या गल्लीत होतं, पण तिकडं जायला सरळ रस्ता नाही. गिरणीला वळसा, मग देवळाच्या भिंतीकडून बोळ. तोंडी सांगून त्याला समजलं नसतं.

‘ये माझ्यामागं,’ म्हटलं आणि निघालो. गिरणीपाशी कुणीतरी हाक मारली, मी पाय टेकला, दोन शब्द बोललो. पोरगा मागं थांबला. पुढं देवळापाशी पुन्हा तेच. त्याची गाडी पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत होती, माझं पॅडल टक-टक करत होतं. बोळापर्यंत जाईतो ती दोनदा बंद पडली.